शब्द कळले पाहिजेत!
घरातल्या नव्या साउंड सिस्टीमचा आवाज मनासारखा येत नसेल तर



मागच्या दिवाळीत आमच्यातल्याच एकीने घरी साउंडबार आणला. सोबत वूफरही होता. वर्षभर भरलेली भिशी लागली, त्यातले साडेतेरा हजार तिने त्याला घातले. कारण एकच. तिच्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि टीव्हीवरचं संध्याकाळचं कीर्तन त्या चुकवत नाहीत. टीव्हीचा आवाज त्यांना पुरत नव्हता. चांगला साउंड आणला की आईंना नीट ऐकू येईल, असा तिचा सरळ हिशोब.

झालं उलटंच. घर दणाणलं, मांडणीतली भांडी वाजायला लागली आणि आजी म्हणाल्या, "अगं, मृदंग घुमतोय नुसता. बुवा काय म्हणतायत ते कळत नाही." नातू म्हणाला, "आजी, तुझे कानच गेलेत." दुकानदार म्हणाला, "हे मॉडेल लहान पडतं. आठ हजार आणखी घाला, दुप्पट वॉटचं देतो." आठवडाभरात आजी कीर्तनाच्या वेळी आतल्या खोलीत वाती वळत बसायला लागल्या. "तुमचं चालू द्या," म्हणायच्या.

आमच्या मैत्रिणीला पैशांपेक्षा ते आत जाऊन बसणं जास्त लागलं.

आम्ही रेडिओवर काम करणाऱ्या बायका. आवाज स्वच्छ यावा म्हणून वायरी, माइक आणि खोली यांच्याशी आमची रोजची झटापट. एका रविवारी मोजपट्टी, टॉर्च आणि वही घेऊन आम्ही तिघी तिच्या घरी गेलो. तिथे जे पाहिलं आणि केलं, ते आज क्रमाने सांगतो. त्या दिवशी नवा एक रुपयाही लागला नाही.

आधी तक्रारीला नाव द्या

आमटी बिघडली तर आपण नुसतं "बरी नाही" म्हणून थांबत नाही. मीठ जास्त की चिंच कमी, हे जिभेवर घेऊन ठरवतो. आवाजाचंही तसंच. घुमतो का? पत्र्यासारखा कर्कश आहे? एकाच बाजूने येतो? मागे गुणगुण आहे? की शब्द गिळले जातात? वहीत एका ओळीत लिहा. आमच्या वहीत लिहिलं होतं, 'घुमतो, शब्द कळत नाहीत.'

मग कसोटीला दोन गोष्टी निवडा. एक नुसतं बोलणं, म्हणजे बातम्या किंवा कीर्तनाचं निरूपण. दुसरं, तुमच्या तोंडपाठ असलेलं एक गाणं. बसायची जागा एकच ठेवा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आणि हो, तुलना करताना आवाज दोन्ही वेळा सारखाच मोठा ठेवा. जरा मोठा आवाज कानाला लगेच चांगला वाटतो. शिवाय आवाज लहान केला की खर्ज आपल्या कानाला कमी जाणवतो. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे मोजून दाखवलं होतं. म्हणून दुकानात मोठ्याने लावलेली पेटी दमदार वाटते आणि घरी हळू लावली की तीच फिकी वाटते. ती पेटी बदललेली नसते.

येणारा आवाजच कसा आहे?

पाणीच गढूळ असेल तर नवा माठ काय करणार? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आलेलं गाणं आकाराने लहान करताना त्यातले बारकावे गेलेले असतात. छोट्या फोनवर ते खपून जातं. मोठ्या स्पीकरवर झांजा खरखरतात. म्हणून एकच पेटी टीव्हीवर, फोनवर आणि रेडिओवर लावून बघा. एकाच ठिकाणी आवाज वाईट असेल तर दोष पेटीचा नाही.

ब्लूटूथवर ऐकत असाल तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त पेटीवर करा. उलट केलं, म्हणजे फोन हळू आणि पेटी मोठी, तर मागची सळसळही मोठी होते.

जुन्या गाण्यांचं वेगळं सांगायला हवं. १९२५ च्या सुमाराला विजेच्या माइकवर ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधीचे गायक कर्ण्यात तोंड घालून गात. त्या तबकड्यांत खोल खर्ज आणि वरचे बारीक सूर मुळातच उतरलेले नाहीत. त्या तशाच ऐकायच्या. नवी पेटी त्यांची खरखर फक्त जास्त स्पष्ट करते.

वायरी तपासा

मैत्रिणीच्या घरी पहिला दोष इथेच सापडला. साउंडबार चालू होता आणि टीव्हीचे स्वतःचे स्पीकरही चालूच होते. दोन्हींतून तोच आवाज येत होता, पण किंचित मागेपुढे. दोघींनी एकच आरती थोड्या अंतराने म्हटली तर शब्द जसे एकमेकांत मिसळतात, तसं झालं होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आतले स्पीकर बंद केले, तेव्हा पहिल्यांदा बोलणं सुटं झालं.

तुमच्या टीव्हीचा आवाज बारमध्ये येतच नसेल, तर टीव्हीच्या मागे बघा. एचडीएमआयची दोन-तीन भोकं असतात. त्यातल्या ज्याच्यावर 'एआरसी' लिहिलेलं असतं, त्यातूनच टीव्हीचा आवाज बारकडे जातो. शेजारच्या भोकात वायर खोचली की बार मुका. आणि संगीत ऐकू येतं पण बोलणं मागे पडतं, असं होत असेल तर टीव्हीच्या आणि सेटटॉप बॉक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'स्टीरिओ' किंवा 'पीसीएम' निवडून बघा.

ज्यांच्याकडे अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन सुटे स्पीकर आहेत, त्यांनी लाल-काळी वायर बघावी. आमच्या एका श्रोतीच्या घरी नव्या जोडीतून ढोलकीचा दम येतच नव्हता आणि गाणारीचा आवाज नक्की कुठून येतो ते कळत नव्हतं. एका स्पीकरला लाल वायर लाल जागी होती, दुसऱ्याला काळ्या जागी. त्यामुळे एका स्पीकरचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे जायचा. एक हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय, मग खर्ज एकमेकांत विरून जातो. ओळखायची युक्ती अशी: दोन्ही स्पीकर जवळजवळ ठेवा, बातम्या लावा आणि मधोमध बसा. आवाज दोन्हींच्या मधून यायला हवा. तो इकडेतिकडे पसरल्यासारखा वाटला तर पेटी बंद करा आणि एकाच स्पीकरच्या दोन वायरी अदलाबदल करा. दोन्हींच्या नकोत, एकाच्याच. त्या घरी पाच मिनिटांत ढोलकी परत आली.

जागा बदलून बघा

आता वूफर. मैत्रिणीने तो लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात सरकवला होता, कारण तिथे झाडताना अडत नाही. साउंडबार शोकेसच्या कप्प्यात आत ढकललेला, पुढे फुलदाणी आणि गणपती. दिसायला छान. ऐकायला मात्र नाही.

कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज वाढवतात. त्यातून आपल्या खोल्या लहान. दहा फूट लांबीच्या खोलीत, सेकंदाला साधारण ५६ कंपनांच्या आसपासचा खोल सूर दोन भिंतींच्या मध्ये अडकून घुमत राहतो. परातीतलं पाणी ठरावीक लयीत हलवलं की हेलकावा वाढतच जातो, तसं ते असतं. मृदंगाचा खर्ज घुमत होता तो यामुळे.

पण मृदंग घुमला म्हणून बुवांचे शब्द का जावेत? काळ, टाळ, फाळ, साळ हे चार शब्द म्हणून बघा. चारींतला 'आ' सारखाच आहे. फरक फक्त क, ट, फ, स यांचा. स्वरांचा जोर खालच्या सुरांत असतो, तर ही व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः वरच्या, सेकंदाला दोन हजारांहून जास्त कंपनांच्या बारीक आवाजांवरून. खालचा आवाज मोठा झाला की तो या नाजूक आवाजांना झाकून टाकतो. मग नुसता 'आ' पोहोचतो. टाळ की काळ, ते कानाने कसं ठरवावं? आजी जे म्हणत होत्या ते शब्दशः खरं होतं.

आम्ही वूफर कोपऱ्यातून दोन फूट बाहेर काढला आणि त्याच्या मागच्या बटणाने खर्ज निम्म्यावर आणला. शोकेसमधला बार काढून टीव्हीपुढच्या टेबलाच्या अगदी कडेला ठेवला, पुढे काहीही नाही. गणपती वरच्या कप्प्यात गेला. बारीक आवाज टॉर्चच्या उजेडासारखे सरळ जातात, वाटेत फुलदाणी आली की अडतात. म्हणून स्पीकरचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणि कानाकडे असावं. दोन सुटे स्पीकर असतील तर त्यांच्यामध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच अंतर त्या प्रत्येकापासून तुमच्या खुर्चीपर्यंत ठेवा.

वूफरची जागा शोधायची एक गंमत सांगतो. वूफर तुम्ही जिथे बसता तिथे ठेवा, खर्जाचं गाणं लावा आणि खोलीभर रांगत जा. जिथे खर्ज ना घुमेल ना हरवेल, ती वूफरची जागा. रांगायचं काम आम्ही नातवाला दिलं. कान गेलेत म्हणणारा तोच होता ना!

खोलीही बोलते

हॉलमध्ये उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे झणझण उमटली तर खोली आवाज परतवते आहे. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या आणि उघड्या भिंती असल्या की असंच होतं. प्रत्येक शब्दावर आधीच्या शब्दाची शेपटी येऊन पडते. घर रिकामं करून रंग देताना आपलाच आवाज कसा परका वाटतो, आठवा.

याला महागडं काही लागत नाही. स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड सतरंजी, समोरच्या भिंतीवर एखादी गोधडी, खिडकीला चुण्यांचा जाड पडदा, पुस्तकांचं कपाट. पातळ पडदा फक्त अगदी बारीक आवाज शोषतो. खर्जावर सतरंजीचा फारसा उपाय चालत नाही, तिथे जागाच बदलावी लागते. आमच्या स्टुडिओच्या पहिल्या वर्षी आम्हीही भिंतीला गोधड्याच टांगल्या होत्या.

रिमोटवरची बटणं

बार 'मूव्ही' वर होता. दुकानात तसाच दाखवला होता, तसाच घरी आला. अशा सेटिंगमध्ये धमाके मोठे आणि आवाज चहूकडे पसरलेला असतो. कीर्तनाला त्याचा काय उपयोग? 'व्हॉइस', 'डायलॉग' किंवा 'न्यूज' असं बटण असेल तर ते दाबा. नसेल तर 'बास' दोन-तीन पायऱ्या कमी आणि 'ट्रेबल' एक-दोन पायऱ्या जास्त करा. 'नाइट' हे बटण मोठे आवाज दाबतं आणि हळू आवाज वर आणतं. रात्री मुलं झोपलेली असताना फार उपयोगाचं.

गुणगुण आणि खडखड

काहीही न लावता मागे सतत 'हंऽऽ' असा आवाज येत असेल तर तो बहुतेक वेळा विजेचा असतो. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, तीच गुणगुण पेटीत शिरते. टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि पेटी एकाच बोर्डवर लावून बघा. मग सेटटॉप बॉक्समधली केबलची वायर काढून बघा. गुणगुण थांबली तर ती तिथून येते आहे. केबलवाल्याला बोलवा. पण एक हात जोडून सांगणं: गुणगुण जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कुणाला तोडू देऊ नका. ती अर्थिंगची पिन आहे, आपला जीव वाचवणारी. घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.

खडखड असेल तर लगेच पेटीला दोष देऊ नका. गाणं चालू ठेवून एकेका वस्तूवर हात ठेवत जा. आमच्या हाताखाली मांडणीतली ताटं, कपाटाची किल्ली आणि भिंतीवरची तसबीर सापडली. तसबिरीमागे कापडाची घडी ठेवली, काम झालं.

वॉटचा आकडा

आता दुकानदाराच्या आठ हजारांकडे येऊ. वॉट दुप्पट झाले की आवाज दुप्पट होत नाही. कानाला थोडासाच फरक कळतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. आणि घुमणारा आवाज मोठा केला तर तो मोठ्याने घुमतो, एवढंच.

खोक्यावर 'पीएमपीओ' लिहून काही हजार वॉट छापलेले दिसले तर हसून सोडून द्या. तो आकडा काढायची ठरलेली एक पद्धतच नाही. 'आरएमएस' लिहिलेला आकडा बघा. तोही पटत नसेल तर अ‍ॅडॉप्टर उलटा करून वाचा. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार ३६ वॉट. जेवढी वीज आत जाते, त्याहून जास्त सतत बाहेर कुठून येणार? आपला मिक्सर ७५० वॉटचा असतो आणि सगळ्या आळीला ऐकू जातो. काही हजार वॉटची पेटी छोट्या अ‍ॅडॉप्टरवर चालत असेल तर समजून जा.

आणि कान?

दोन तासांनी आम्ही आजींना बाहेर बोलावलं. त्यांची खुर्ची मागच्या भिंतीपासून काढून बारच्या जवळ आणली. कीर्तन लावलं, तेही आधीपेक्षा हळू. आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग बुवांनी वाक्य अर्धं सोडलं आणि त्यांनी ते पुरं केलं. आमच्या मैत्रिणीने पदर डोळ्याला लावला.

पण खरं ते सगळंच सांगायला हवं. सगळे शब्द आजींना तेव्हाही कळत नव्हते. वय वाढलं की आधी वरचे बारीक आवाज ऐकू येणं कमी होतं. म्हणजे नेमके स, फ, क, ट हेच. "ऐकू येतं पण कळत नाही" असं म्हातारी माणसं म्हणतात ती याच कारणाने. त्यांच्याशी ओरडून बोललं तर स्वर मोठे होतात, व्यंजनं नाही. पुढच्याच आठवड्यात मैत्रीण त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. एका कानात मळ घट्ट बसला होता, तो काढला. दुसऱ्या कानाला यंत्राची गरज आहे, असं तपासणीत निघालं. म्हणजे नातू अर्धा बरोबर होता. पण कान थकलेत म्हणून खराब आवाज चालेल, असं नाही. थकलेल्या कानालाच स्वच्छ आवाज जास्त लागतो. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस हळूहळू घोळक्यातून उठून आत जातो, आणि आपल्याला वाटतं त्याला एकटं आवडतं.

पेटीच खराब असेल तर

हे सगळं करूनही एका स्पीकरमधून आवाज फाटत असेल, मधूनमधून बंद पडत असेल, तर डावा-उजवा स्पीकर अदलाबदल करून बघा. दोष स्पीकरबरोबर जागा बदलून गेला तर स्पीकर खराब. जागीच राहिला तर वायर किंवा अ‍ॅम्प्लिफायर. मग वाट बघत बसू नका. "पेटी वाजून वाजून मोकळी होते, दोन महिने थांबा" असं कुणी म्हणालं तरी बदलून द्यायची मुदत आधी वाचा. बिल आणि खोकं थर्माकोलसकट जपून ठेवा, बिघडलेला आवाज फोनवर टिपून ठेवा. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मैत्रिणींनो, दुकानात वॉट आणि वायरींचं बोलणं घरच्या पुरुषांशी होतं आणि रिमोट मुलांच्या हातात जातो. दिवसभर त्या आवाजात वावरतो मात्र आपण आणि घरातली म्हातारी माणसं. "मला कळत नाही बाई त्यातलं" असं म्हणू नका. कुकरची शिट्टी बदलली तर जे कान ओळखतात, त्यांना घुमणारा वूफरही ओळखता येतो. या रविवारी घरात एकदा टाळी वाजवून बघा, टीव्हीच्या मागे डोकवा, वूफर कोपऱ्यातून ओढा. आणि घरात कुणी कीर्तनाच्या वेळी आत जाऊन बसत असेल, तर आधी त्यांना विचारा की शब्द कळतायत का.

आजींच्या वाती अजूनही वळून होतात. आता मात्र बाहेरच्या खोलीत, कीर्तन ऐकता ऐकता.